'सर्व्हिस नो लाँगर रिक्वायर्ड' : डिस्चार्ज बुकातली ओळ बदलता येते का?



मिलिट्रीतून आलेल्या माणसाच्या घरी एक काळी लोखंडी पेटी असते. वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. पंधरा-सतरा वर्षे पुरी करून पेन्शनीवर आलेल्या माणसाची पेटी दर्शनी खोलीत असते. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत तो मेडल लावून पुढे चालतो. पण त्याच वस्तीत आणखी एखादा असतो, जो सातव्या, अकराव्या, तेराव्या वर्षी मधेच घरी आला. त्याची पेटी माळ्यावर असते. का आला हे कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. गाव मात्र आपल्या मनाने सांगते, "काढून टाकलं म्हणे."

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, या पाचही तालुक्यांत फिरताना अशा घरांत आम्ही बसलो आहोत. आता त्या घरांतली शिकलेली पोरे विचारू लागली आहेत, "काकांचा डिस्चार्ज अपग्रेड करता येतो का?" हा शब्द अमेरिकेतल्या व्हिडिओंतून आला आहे. तिकडे डिस्चार्जला ऑनरेबल, जनरल, डिसऑनरेबल अशा पायऱ्या असतात आणि वरची पायरी मिळावी म्हणून सामान्यतः 15 वर्षांपर्यंत पुनर्विचार मंडळाकडे अर्ज करता येतो. आपल्याकडे तसे मंडळ नाही आणि 'अपग्रेड'चा छापील फॉर्मही नाही. कोणी दोन हजार रुपये घेऊन असा फॉर्म भरून देत असेल तर तो फसवतो आहे.

तरीही तो माणूस कायमचा अडकला, असे नाही. भारतीय सैन्यात ज्या कारणाखाली माणसाला घरी पाठवले, त्या कारणाला आव्हान देता येते. ते कारण चुकीचे होते, किंवा ते लावण्याआधीची पद्धत पाळली नाही, हे दाखवता आले तर डिस्चार्ज रद्द होतो, बडतर्फीच्या जागी सौम्य शिक्षा येऊ शकते, 'गैरवर्तना'च्या जागी 'आजार' लागू शकतो आणि त्यामागून पेन्शनही येऊ शकते. या लेखात तेवढेच सांगायचे आहे. लेख आर्मीपुरता आहे. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत, वाट मात्र बरीचशी हीच.

आधी कागदावरचा शब्द वाचा

घरचे लोक 'काढले' एवढाच शब्द वापरतात. कायद्यात मात्र त्याचे निरनिराळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा आहे.

सर्वांत जड शब्द 'डिसमिसल', म्हणजे बडतर्फी. ती कोर्ट मार्शलच्या शिक्षेतून येते किंवा आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 20 खाली अधिकाऱ्याच्या हुकमाने येते. नियम असा की बडतर्फ झालेल्याची मागची सगळी नोकरी पेन्शनीसाठी वाया जाते. अपवाद म्हणून सरकार काही मंजूर करू शकते, पण तो अपवादच. त्याहून थोडा हलका शब्द 'रिमूव्हल'. आणि तिसरा 'डिस्चार्ज', म्हणजे सेवामुक्ती. मुदत पुरी करून आलेल्याचा डिस्चार्जच असतो आणि नको म्हणून पाठवलेल्याचाही डिस्चार्जच असतो. म्हणून नुसता 'डिस्चार्ज' हा शब्द पाहून थांबू नये. त्यापुढे आर्मी रूल्स 1954 चा नियम 13 आणि त्याचा पोटनियम लिहिलेला असतो, तो पाहावा.

त्या नियमाच्या तक्त्यात शपथ घेतलेल्या जवानाचे पाच रकाने आहेत. भरतीच्या अटी पुऱ्या झाल्या, हा पहिला. दुसरा आपल्या कामाचा नाही. वैद्यकीय दृष्ट्या अपात्र ठरला, हा तिसरा. स्वतःच्या विनंतीवरून गेला, हा चौथा. आणि पाचवा, 13(3) III(v), 'इतर सर्व'. 'सर्व्हिस नो लाँगर रिक्वायर्ड', म्हणजे यापुढे सेवेची गरज नाही, ही ओळ याच पाचव्या रकान्यातून येते. माळ्यावरच्या बऱ्याच पेट्यांत हीच ओळ आहे. याशिवाय डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा असतो, 'एक्झेम्प्लरी', 'व्हेरी गुड', 'गुड' असा उतरत्या क्रमाने. पुढच्या नोकरीवाला आधी तोच पाहतो.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आर्मी ॲक्टचे कलम 23 सांगते की सेवेतून गेलेल्या प्रत्येक जवानाला कमांडिंग ऑफिसरने दाखला दिला पाहिजे, आणि तो दोन भाषांत, त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत. त्यात कोणत्या अधिकाऱ्याने सेवा संपवली, कोणत्या कारणाने संपवली आणि एकूण सेवा किती झाली, या तीन गोष्टी असल्या पाहिजेत. म्हणजे सेनगावच्या माणसाला आपण का घरी आलो हे मराठीत वाचायला मिळाले पाहिजे, हे 1950 पासून कायद्यात आहे. आम्ही पाहिलेल्या पेट्यांत तो मराठी कागद आम्हाला अजून दिसलेला नाही. तो नाही म्हणून डिस्चार्ज आपोआप रद्द होत नाही, पण मागायची पहिली वस्तू हीच.

त्या ओळीने काय जाते

पेन्शन जाते हे उघड आहे. जवानाला साधारणपणे 15 वर्षांच्या सेवेनंतर सेवा पेन्शन लागू होते. बाराव्या-तेराव्या वर्षी जो घरी आला त्याचे नुकसान किती, याचा हिशेब करा. पण 'माजी सैनिक' ही ओळखही जाते. केंद्रीय नोकऱ्यांतील माजी सैनिकांसाठीच्या 1979 च्या नियमांत व्याख्या दिली आहे. पेन्शन मिळवून आलेला, सेवेशी संबंधित आजारामुळे अपंगत्व पेन्शनवर आलेला किंवा संख्या घटवल्यामुळे मोकळा केलेला माणूस त्यात बसतो. ठरावीक मुदत पुरी करून ग्रॅच्युइटीवर आलेलाही बसतो, पण बडतर्फी, गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता या कारणाने आलेला असेल तर नाही. ही एक ओळ पुढच्या नोकरीतल्या आरक्षणालाही अशी आडवी येते.

आणि इज्जत जाते. त्याचा हिशेब मांडता येत नाही.

आपल्या समाजाला हा अनुभव एका माणसाचा नाही. 1892 च्या सुमारास ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती बंद केली. कोरेगावच्या लढाईपासून ज्यांच्या पलटणी होत्या, ते एकाएकी 'लढवय्ये नाहीत' असे ठरले. कोणतीही चौकशी नाही, म्हणणे मांडायची संधी नाही. स्वतः सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी पुढच्या शतकाच्या पहिल्या दशकात तीच मागणी पुन्हा पुन्हा केली आणि 1910 मध्ये ती थेट लंडनला भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात माणसे हवी झाली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार्स ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडली. बाबासाहेब 1941 मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज, असे जवळजवळ पन्नास वर्षे चालले. सरकारी कागदावरचा शेरा कागदानेच खोडायचा असतो, ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनी शिकून ठेवली आहे.

त्यांच्याजवळ दाद मागायला न्यायाधिकरण नव्हते. आपल्याजवळ आहे.

लाल शाई आणि 1988 चे पत्र

III(v) खाली घरी आलेल्या जवानांची गोष्ट बहुतेक एकाच साच्याची असते. रजा संपली, पण आई दवाखान्यात होती किंवा बहिणीचे लग्न राहिले होते, म्हणून वीस दिवस उशिरा पोहोचला. शिक्षा झाली. पुढे पुन्हा तसेच. दारूवरून एकदा. अशा काही शिक्षा सेवापत्रकात लाल शाईने लिहिल्या जातात. चार लाल नोंदी झाल्या की "आता तुझे संपले" असे युनिटमध्ये बोलले जाते आणि जवानही ते खरे मानून निमूट सही करतो.

हे खरे नाही. आर्मी मुख्यालयाचे 28 डिसेंबर 1988 चे पत्र आहे. नको असलेल्या जवानाला कसे काढावे याची पद्धत त्यात दिली आहे. चार लाल नोंदी झाल्या तर काढण्याचा विचार करता येतो, काढलेच पाहिजे असे नाही. आधी निःपक्षपाती प्राथमिक चौकशी झाली पाहिजे. मग कारणे दाखवा नोटीस, जवानाचे उत्तर आणि त्या उत्तराचा विचार. त्याने किती वर्षे काढली, कोणत्या अवघड ठिकाणी काढली, पेन्शन किती जवळ आली आहे, हेही पाहायचे. वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध लष्करप्रमुख या खटल्यात 16 ऑक्टोबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. चौकशी न करता, केवळ नोंदी मोजून काढलेला डिस्चार्ज न्यायालयाने रद्द केला. आदेश असा की पेन्शनीला लागणारी सेवा पुरी होईपर्यंत तो जवान सेवेत होता असे धरावे. मागचा पगार नाही, पण पेन्शन आणि सेवेची सलगता द्यावी.

म्हणून असा माणूस समोर आला की "तुम्ही काय केले?" हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा, प्राथमिक चौकशी झाली का? नोटीस हातात मिळाली का? उत्तर द्यायला किती दिवस मिळाले? उत्तर लिहिले कोणी?

दुसरा साचा आजाराचा आहे. तो जास्त दुखरा आहे आणि त्यावर आपल्या वस्त्यांत बोललेच जात नाही. बर्फातली किंवा सीमेवरची पोस्टिंग, झोप उडालेली, मग दारू, मग भांडण, मग पळून घरी. युनिट म्हणते बेशिस्त, घरचे म्हणतात करणी केली कोणीतरी. वैद्यकीय कागद काढले तर कधी कधी त्यात मानसोपचाराच्या भरतीची नोंद सापडते. हा माणूस मुळात तिसऱ्या रकान्यातला होता. खालच्या वैद्यकीय श्रेणीतल्या जवानाला अपात्र म्हणून घरी पाठवायचे तर इनव्हॅलिडिंग बोर्ड, म्हणजे त्यासाठीचे वैद्यकीय मंडळ, बसवल्याशिवाय चालणार नाही, पाचव्या रकान्याचा आडमार्ग घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राजपाल सिंग खटल्यात 2008 मध्ये ठरवले. आणि 2013 च्या धरमवीर सिंग निकालाप्रमाणे भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरायचे. तो सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सैन्यावर आहे. शेरा बेशिस्तीवरून आजारावर नेणे, आपल्याकडे 'अपग्रेड' म्हणावे अशी गोष्ट असेल तर ती हीच.

जातीचा प्रश्न

"साहेब जातीवरून त्रास द्यायचा." हे वाक्य आम्ही ऐकले आहे आणि ते खोटे आहे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण अर्जात ते एकटे उभे राहत नाही. तारीख, ठिकाण, कोण काय बोलले, कोणी ऐकले, तेव्हा कोणाला लिहिले, हे लागते. ते नसेल तर दुसरी वाट पाहावी.

रणजीत ठाकूर या सिग्नलमनचा खटला प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध वर तक्रार पाठवली, तेव्हा त्याला 28 दिवसांची कैद झाली. कैदेत असताना मे 1985 मध्ये त्याने जेवणाचा हुकूम मानला नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल झाले. एक वर्ष तुरुंग आणि बडतर्फी. त्या कोर्टात ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो अधिकारीच बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 1987 मध्ये सगळे रद्द केले आणि लाभांसह नोकरी परत दिली. कारणे दोन : न्याय करणारा पक्षपाती असण्याची शंका आणि गुन्ह्याच्या मानाने भयंकर शिक्षा. अधिकाऱ्याच्या मनात काय होते हे त्याला सिद्ध करावे लागले नाही. तक्रार आधी झाली होती आणि तोच माणूस न्यायाला बसला होता, एवढे कागदावर पुरेसे ठरले.

अनुसूचित जाती आयोगाकडे तक्रार करता येते, जरूर करावी. मात्र आयोग डिस्चार्ज रद्द करू शकत नाही आणि तिकडे तारखा चालू असताना न्यायाधिकरणाची मुदत थांबत नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांनाही सांगितली पाहिजे. चोरी किंवा मारहाण खरोखर झाली, कोर्ट मार्शल नीट झाले, बचावाची संधी मिळाली, तर त्या माणसाला खोटी आशा लावू नका. शिक्षा फारच जड असेल तर तेवढ्यापुरते मागता येते. त्यापलीकडे ओढत नेऊन त्याची उरलीसुरली जमीन वकिलाच्या फीत घालवणे याला आम्ही समाजकार्य म्हणत नाही.

वाट अशी आहे

पहिले काम कागदांचे. प्रत्येक रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस असते. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला. तिथल्या माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. आर्मी या कायद्याबाहेर नाही. अर्जावर सही जवानाची स्वतःची हवी. तो हयात नसेल तर पत्नीची. मागायचे ते नाव घेऊन मागा : डिस्चार्जचा मूळ हुकूम, कलम 23 चा दाखला, सेवापत्रक आणि शिक्षांची नोंद, प्राथमिक चौकशीचे कागद, कारणे दाखवा नोटीस व तिचे उत्तर, गैरहजेरी 30 दिवसांवर गेली असेल तर कलम 106 च्या चौकशीचे कागद, सगळ्या वैद्यकीय मंडळांचे अहवाल. "माझी सर्व फाईल द्या" असे लिहिले की दोन पानांचे उत्तर येते. मागितलेला कागद 'उपलब्ध नाही' असे लेखी आले, तरी ते जपून ठेवा. न झालेल्या चौकशीचा तोही पुरावाच आहे.

दुसरे, आर्मीकडेच दाद. डिस्चार्जविरुद्ध लष्करप्रमुखांच्या नावे रेकॉर्ड ऑफिसमार्फत निवेदन द्यायचे. कोर्ट मार्शल असेल तर कलम 164 खाली याचिका. न्यायाधिकरण आधी हाच प्रश्न विचारते की घरातली दारे वाजवली का. रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा.

तिसरे, सशस्त्र बल न्यायाधिकरण, बोलीभाषेत एएफटी. 2007 च्या कायद्याने झाले, 2009 पासून चालते. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी खंडपीठ मुंबईला आहे. नोकरी काश्मिरात संपली असली तरी सेवेतून गेलेला माणूस आपण राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो, म्हणजे हिंगोलीकराने श्रीनगर गाठायची गरज नाही. निवेदनावर अंतिम उत्तर आले की त्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. सहा महिने उत्तरच आले नाही तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. कोर्ट मार्शलविरुद्धच्या अपिलात शिक्षा जास्त किंवा अन्यायाची वाटली तर ती कमी करण्याचा किंवा सौम्य शिक्षेत बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात रिट करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

उशीर झाला असेल तर? बहुतेकांना झालेलाच असतो. योग्य कारण दाखवून माफी मागता येते. आजार, अशिक्षित घर, कागदच न मिळणे, ही कारणे तारखांसह लिहावीत. यात एक फरक ध्यानात ठेवा. अपंगत्व पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून उशिरा गेले तरी दाद मिळू शकते, फक्त थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या तरसेम सिंग निकालात हे ठरवले. डिस्चार्जचा हुकूम मात्र एकदाच झालेला असतो. तिथे वीस वर्षांचा उशीर जड जातो.

खर्चाचे बोलू. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 1990 च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला जोडून तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करा. सैनिक कुटुंबांसाठी नालसाने 26 जुलै 2025 रोजी वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली आहे आणि सैनिक कल्याण कार्यालयांतून कायदेशीर मदत देणे हा तिचा भाग आहे. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात तिचे नाव घेऊन विचारा. "तुम्ही माजी सैनिकच नाही" असे म्हणून एखादा बाबू परत पाठवू पाहील. तेव्हा वाद न घालता नकार लेखी मागा.

सीआरपीएफ, बीएसएफ, आसाम रायफल्स यांच्यासाठी एएफटी नाही, त्यांनी उच्च न्यायालयात जायचे. आपल्या हिंगोलीतल्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गट 12 मधल्या जवानाची वाट महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची. ही गल्लत वकीलही करतात आणि त्यात मुदत निघून जाते.

सध्या अग्निवीर म्हणून गेलेल्या पोरांना आताच सांगा. प्रत्येक शिक्षेची, प्रत्येक दवाखाना भरतीची, प्रत्येक रजेच्या अर्जाची आणि उशीर झाला तर त्याच्या कारणाची प्रत घरी पाठवत जा. फोनवर फोटो काढून ठेवणे पुरेसे नाही, युनिटमध्ये फोनवर बंधने असतात. समजली नाही अशा इंग्रजी कागदावर सही करायची वेळ आली, तर सहीच्या वर मराठीत लिहा, "मला वाचून समजावले नाही."

आणि ज्यांच्या माळ्यावर पेटी आहे त्यांनी ती खाली काढावी. मूळ डिस्चार्ज बुक कोणाच्याही हाती देऊ नका, वकिलालाही झेरॉक्स द्या. लॅमिनेशन करू नका. मागच्या पानावरचे शिक्के आणि फिकट सह्या पुढे वाचाव्या लागतात.